फुगा आलेला टायर

रिपोर्टची शेवटची ओळ सात महिने कुणी वाचलीच नव्हती.

नोव्हेंबर २०१९ मध्ये रात्री चार-चारदा लघवीला उठावं लागायचं, म्हणून निपाणीतच सोनोग्राफी केली. प्रोस्टेट थोडी वाढली होती. ज्यांना रिपोर्ट दाखवला त्यांनी वरचा भाग बघितला, गोळ्या लिहिल्या, कागद पाकिटात घालून परत दिला. मी पाकीट कपाटावर टाकलं. गोळ्यांनी बरं वाटलं आणि विषय मिटला. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. जूनमध्ये सुनेला कसल्याशा कामाला माझ्या आधार कार्डाची झेरॉक्स हवी होती, म्हणून तिनं ती पाकिटं उपसली. ती इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकवते, वह्या तपासून तपासून हातात आलेला कागद शेवटपर्यंत वाचायची सवय. म्हणाली, "मामा, ह्यात खाली अ‍ॅन्युरिझम लिहिलंय. हे दाखवलं होतं का कुणाला?"

मी म्हटलं, लघवीचंच असेल काहीतरी. तोवर तिनं मोबाइलवर शोधलं होतं. ती काही बोलली नाही, मोबाइल उलटा करून ठेवला. तेव्हा मला कळलं की हे लघवीचं नाही.

पोटातली महाधमनी, मूत्रपिंडांच्या खालचा भाग, रुंदी ४.१ सेंटिमीटर. एवढीच ती ओळ.

धाकट्या भावाचं महामार्गाच्या कडेला पंक्चरचं दुकान आहे. तवंदी घाटातून आलेल्या ट्रकांची चाकं तो पस्तीस वर्षं खोलतोय. त्याला मी जमेल तसं सांगितलं, की रक्ताची मोठी नळी एका जागी फुगलीय. तो म्हणाला, "म्हंजे टायरला फुगा आलाय म्हण की." आणि मग त्यानंच मला शिकवलं. टायरच्या आत दोरा असतो, सगळा जोर तोच धरून असतो. खड्ड्यात आपटून किंवा जुना होऊन तो दोरा तुटला की त्या जागी रबर एकटं पडतं आणि हवा ते बाहेर ढकलते. कडेला लिंबाएवढा उंचवटा येतो. गाडी चालते, हवा उतरत नाही, ड्रायव्हरला पत्ताही नसतो. "फुगा आलेला टायर मी गाडीला ठेवू देत न्हाई. असला टायर घेऊन घाटात कोण उतरतं? उद्याच्या उद्या आपरेशन करून टाक, अण्णा."

कोल्हापूर आम्हाला जवळ, बेळगाव जवळजवळ दुप्पट लांब. पण रेशन कार्ड कर्नाटकाचं, आणि ओळखीच्या एकानं रक्तवाहिन्यांच्या सर्जनचं नाव बेळगावातलं सांगितलं, म्हणून सप्टेंबर २०२० मध्ये तोंडाला मास्क लावून बेळगाव गाठलं. डॉक्टर तरुण, चाळिशीचे. पोट दाबून बघितलं, जांघेत बोटं ठेवून नाडी बघितली, आणि मग मला पालथं झोपवून गुडघ्यांच्या मागं चाचपायला लागले. मी म्हटलं, साहेब, फुगा पोटात आहे. ते हसले. म्हणाले, "काका, पोटात ज्याला असतो त्याला गुडघ्यामागच्या धमनीतही असू शकतो. तिथला फुटण्यापेक्षा आत गुठळी होऊन पायाचं रक्त बंद होण्याची भीती जास्त. म्हणून बघतोय." तिथं काही नव्हतं. अशा जागा ठरलेल्या असतात म्हणे: पोट, छाती, गुडघ्यामागे आणि मेंदू. मेंदूतला प्रकार निराळा, तो बोराएवढा असतानाच फुटू शकतो आणि आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी क्षणात उठते. त्याचे डॉक्टरही निराळे.

मग प्रश्न सुरू झाले. विडी-सिगरेट? चाळीस वर्षं, दिवसाला एक बंडल तरी. शुगर? नाही, हे मी जरा ऐटीतच सांगितलं. डॉक्टर म्हणाले, गंमत अशी की मधुमेहवाल्यांत हा फुगा कमी आढळतो. म्हणजे ज्याची मिरवणूक काढायची तेच इथं उपयोगाचं नव्हतं. बी.पी.? होतं, गोळी आठवण झाली तर घेत होतो. आणि शेवटी, "वडील कशानं गेले?"

वडील १९८८ मध्ये गेले, एकसष्ट वर्षांचे असताना. संध्याकाळी शेतावरून आले ते कमरेच्या डाव्या बाजूला धरूनच. उलटी झाली, अंगाला दरदरून घाम. गल्लीतल्या जाणत्यांनी मुतखडा ठरवला. आईनं कुळथाचं कढण करून पाजलं. रात्री पोट फुगल्यासारखं झालं, तोंड पांढरं पडलं, आणि जीप मिळेपर्यंत सगळं संपलं होतं. आमच्या घरात बत्तीस वर्षं "आबा मुतखड्यानं गेले" असंच बोललं जातं. मी हे सांगत होतो आणि डॉक्टरांचं पेन थांबलं होतं. म्हणाले, "शवविच्छेदन झालेलं नाही, त्यामुळं आता कुणीच सांगू शकणार नाही. पण फुटलेला फुगा मुतखड्यासारखाच दुखतो, आणि डॉक्टरही त्यात फसतात. मी कौटुंबिक इतिहास 'शक्य' असा लिहून ठेवतो. तुम्हाला भाऊ आहे?"

आहे, म्हटलं.

"त्यांचीही एकदा सोनोग्राफी करा. सख्ख्या नात्यात धोका वाढतो."

ऑपरेशनचं काय, हे विचारायलाच तर मी आलो होतो. धाकट्याचा घाट डोक्यात होता. तर डॉक्टर म्हणाले, आता काहीही करायचं नाही. ही नळी साधारण २ सेंटिमीटर रुंद असते. ३ च्या पुढं गेली की तिला अ‍ॅन्युरिझम म्हणायचं. पुरुषांत ५.५ आणि बायकांत ५ च्या आसपास गेली, किंवा फार वेगानं वाढायला लागली, तर ऑपरेशन. त्याच्या आत ती फुटण्याच्या धोक्यापेक्षा ऑपरेशनचा धोकाच जास्त. रुंदी वाढते तसा धोका सरळ रेषेत वाढत नाही. आतला दाब तेवढाच राहिला तरी फुगा जेवढा मोठा तेवढा त्याच्या भिंतीवर ताण जास्त, आणि भिंत तर पातळच होत गेलेली. फुटला तर निम्म्याहून जास्त माणसं दवाखान्यापर्यंत पोचतच नाहीत. जी पोचतात त्यांतलीही बरीच जातात. हे त्यांनी लपवलं नाही, आवाजही बदलला नाही. तुमची भिंत अजून टिकून आहे, म्हणाले, आपण मोजत राहायचं.

वर दोन-तीन गोष्टी पाठ करून घेतल्या. पोटात किंवा पाठीत एकाएकी जोराची कळ, घाम, चक्कर आली तर गॅस म्हणून सोडा पीत बसायचं नाही, रात्र असो की पहाट, मोठा दवाखाना गाठायचा आणि पहिलं वाक्य "मला महाधमनीचा अ‍ॅन्युरिझम आहे" हे बोलायचं. जड उचलायचं नाही, चालायचं भरपूर. बी.पी.ची गोळी रोज, कोलेस्टेरॉलची एक नवीन. आणि लघवीचं इन्फेक्शन झालं तर सिप्रोफ्लॉक्सासिन गटातली अँटिबायोटिक कुणी लिहिली तर आधी हा रिपोर्ट दाखवायचा. त्या औषधांनी अशा माणसात भिंत फाटण्याचा धोका वाढू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं डिसेंबर २०१८ मध्ये दिलाय. माझी प्रोस्टेट धरून ही गोळी कधी ना कधी माझ्या वाट्याला येणारच होती.

राहिली विडी. यावर त्यांनी फक्त बोटानं कागदावरची विडीची ओळ दाखवली आणि म्हणाले, "ह्या रोगाचं सगळ्यात मोठं कारण हे. वय आणि पुरुष असणं तुमच्या हातात नाही. हे आहे."

आता निपाणीच्या माणसाला तंबाखू सोड म्हणणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. मी वखारीत दिवाणजी होतो. पोती मोजायची, हजेरी मांडायची, बाया चाळणीवर बसलेल्या असायच्या आणि खकाणा एवढा उडायचा की खतावणीचं पान दिवसातून दोनदा झटकावं लागे. नवा माणूस दारात आला की ठसक्यानं मागं फिरायचा, आम्हाला वासही येत नसे. १९८१ मध्ये शरद जोशींच्या मागं तंबाखूवाले शेतकरी महामार्गावर बसले, त्यात आमचे आबा होते, आणि मी आत वखारीत व्यापाऱ्याची वही लिहीत होतो. एका घरात दोन बाजू. रात्री जेवताना दोघंही गप्प, आणि जेवण झाल्यावर दोघंही त्याच बंडलातली विडी ओढायचो. आबांचं आणि माझं जे काही बोलणं झालं ते विडी पेटवतानाच झालं. ती सोडायची होती.

सोडली. एका दिवसात नाही, तीनदा मोडून चौथ्यांदा. बडीशेप, लवंग, चिडचिड, बायकोशी भांडण, सगळं रीतसर झालं.

सगळ्यात अवघड काय गेलं असं कुणी विचारलं तर मी ऑपरेशन म्हणत नाही. ती मधली साडेतीन वर्षं म्हणतो. दुखत काही नव्हतं. भूक होती, झोप होती, रोज पाच किलोमीटर चालत होतो. लोक म्हणायचे, तब्येत सुधारली की! आणि दुपारी पेपर वाचता वाचता तो पोटावर ठेवून डोळा लागायला आला की दिसायचं, पेपरचा कोपरा उडतोय. ठोक्यागणिक. मी मूळचा हडकुळा, त्यामुळं जास्तच. बायकोनं एकदा ते बघितलं आणि तेव्हापासून दुपारी मला पेपर आडवा होऊन वाचू दिला नाही.

आकडे माझ्या डायरीत आहेत. २०२० मध्ये ४.३. २०२१ मध्ये ४.६, तेव्हा वर्षाऐवजी सहा महिन्यांनी या म्हणाले. एप्रिल २०२२, ४.८. त्याच ऑक्टोबरात ४.७ आला आणि मी येताना पेढे घेऊन आलो, विडी सोडल्यानं फुगा उतरायला लागला म्हणून. पुढच्या खेपेला डॉक्टरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, काका, एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे हे मापाचंच. फुगा उतरत नसतो, फार तर हळू वाढतो. त्या खेपेला ५.१ होता. तेवढ्यापुरता पेढ्यांचा राग आला.

मुलानं मला धीर द्यायला आइन्स्टाइनची गोष्ट सांगितली. त्यांनाही हाच, पोटातलाच. १९४८ मध्ये निसेन नावाच्या सर्जननं त्यावर सेलोफेन गुंडाळलं, म्हणजे त्यानं आसपास व्रण धरून भिंत जाड होईल. सिगरेटच्या पाकिटावर असतो तो चकचकीत कागद! त्यावर ते सहा वर्षांच्या वर जगले, १९५५ मध्ये फुटला तेव्हा ऑपरेशनला नाही म्हणाले. धीर यायचा तो राहिला बाजूला, मला पाकिटाचा कागद तेवढा दिसत राहिला.

आणि धाकटा. त्याला सोनोग्राफीचं मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. प्रत्येक खेपेला सांगत होतो. "मला काय झालंय?" हे एकच उत्तर. कानामागं विडी, हातात पाना. दुसऱ्याच्या टायरचा फुगा त्याला रस्त्याच्या पलीकडनं दिसतो.

जानेवारी २०२४ मध्ये ५.६ आला. डॉक्टर म्हणाले, आता सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्यांचा स्कॅन. आधी रक्तातलं क्रिएटिनिन बघितलं, मूत्रपिंड कसं चाललंय ते त्यावरून कळतं, कारण त्यात जो डाय घालतात तो मूत्रपिंडाला जड जातो. यंत्रावर झोपवलं, हाताच्या शिरेत सुई. तंत्रज्ञ मुलगी काचेपलीकडून कानडीत सांगायची, "उसिर हिडीरी," म्हणजे श्वास धरा, आणि मग "बिडरी". डाय आत गेला तशी घशापासून बेंबीखालपर्यंत ऊब धावत गेली आणि मला खात्रीनं वाटलं की आपण चादर ओली केली. झालं काही नव्हतं, सगळ्यांनाच तसं वाटतं म्हणे, पण हे आधी कुणी सांगत का नाहीत?

चित्र डॉक्टरांनी पडद्यावर फिरवून दाखवलं. बेंबीपाशी धमनीची बेचकी होते, दोन पायांना दोन फांद्या. बेचकीच्या वर तो फुगा, वांग्यासारखा. त्याच्या आत भिंतीला लागून गुठळीचा जाड थर.

दोन रस्ते होते. एक, जांघेतून नळी घालून आतल्या आत स्टेंट ग्राफ्ट, म्हणजे तारेच्या जाळीची कापडी नळी, बसवायचा. धाकटा सोबत होता, त्याला हे लगेच पटलं: "आतनं गेटर घालायचा." फाटलेल्या टायरला आतून जुन्या टायरचा तुकडा लावतात, तो गेटर. डॉक्टरांना हा शब्द नवा होता, त्यांनी दोनदा म्हणून बघितला. पोट फाडायला नको, चार दिवसांत घरी. ही पद्धत १९९० मध्ये ब्वेनोस आयरेसला पारोदी नावाच्या सर्जननं पहिल्यांदा पोटातल्या फुग्यावर वापरली. पण त्यात ग्राफ्टच्या कडेनं रक्त झिरपतं का हे बघायला जन्मभर स्कॅन करत राहायचं, आणि मुख्य म्हणजे ग्राफ्टला वर पकडायला जागा पाहिजे. मूत्रपिंडांच्या फांद्या जिथं फुटतात तिथून फुगा सुरू होईपर्यंत किमान एक-दीड सेंटिमीटर सरळ मान लागते. माझी मान त्याच्याहून आखूड आणि वर वाकडी. अशांसाठी वेगळे ग्राफ्ट असतात, मुद्दाम घडवून घ्यावे लागतात, किंमत ऐकून आम्ही पुढं विचारलं नाही. राहिला दुसरा रस्ता, पोट उघडून. शंभरात तीन ते पाच जण दगावतात, असं त्यांनी सांगितलं, आणि विडी ओढलेल्या फुप्फुसांचं वेगळं बघावं लागेल. झालं की मात्र पुन्हा पुन्हा स्कॅनची कटकट फारशी नाही.

सरकारी योजनेच्या मंजुरीच्या कागदांवर मी फार लिहीत नाही. रेशन कार्डावर आमचं आडनाव कानडी वळणाचं, आधारवर मराठी वळणाचं, एका अक्षराचा फरक. त्यासाठी तीन हेलपाटे. शेजारी म्हणत होते, महाराष्ट्राची फुले आरोग्य योजना २०२३ पासून ८६५ सीमागावांना लागू केलीय, कोल्हापूरला जा. पण साडेतीन वर्षं ज्या माणसानं माझा फुगा मोजला त्याच्याच हातून व्हावं असं मला वाटलं. अक्षर अखेर जुळलं. उरलेले पैसे मुलानं आणि धाकट्यानं घातले.

फेब्रुवारीत ऑपरेशन झालं. मला त्यातलं काही आठवणार नाही हे उघड आहे. जे कळलं ते नंतर. बरगड्यांच्या मधोमधपासून बेंबीच्या खालपर्यंत काप, आतडी बाजूला, धमनीला वर-खाली चिमटे, फुगा उभा चिरून आतली गुठळी साफ, आणि तिथं डेक्रॉनची नळी शिवली. मग फुग्याचीच उरलेली कातडी त्या नळीवर पांघरून शिवून टाकली. डेक्रॉन म्हणजे पॉलिएस्टर, आपलं टेरिलीन. माझ्या लग्नातला शर्ट टेरिलीनचा होता. १९५० च्या दशकात ह्यूस्टनच्या डेबेकी नावाच्या सर्जननं दुकानातून कापड आणून बायकोच्या शिलाई मशिनीवर अशा पहिल्या नळ्या शिवल्या होत्या. शेजारच्या खाटेवर वडगावचा मागावरचा माणूस होता, पायाच्या रक्तवाहिनीसाठी आलेला. कापडाची नळी म्हटल्यावर तो सरसावून बसला. विणलेली की निटिंगची? घट्ट किती? रक्त झिरपत कसं नाही? राउंडला आलेल्या डॉक्टरांना त्यानं हे सगळं विचारलं, आणि दोन्ही प्रकार असतात हे ऐकून समाधानानं मान हलवली.

अतिदक्षतेत दोन दिवस. मग तीन चेंडूंचं ते यंत्र, श्वास आत ओढून चेंडू वर उचलायचे. पहिल्या दिवशी एकही हलला नाही. चाळीस वर्षांच्या विड्या त्या एका निळ्या चेंडूवर बसल्या होत्या. खोकला आला की उशी पोटावर दोन्ही हातांनी दाबून धरायची, नाहीतर टाके सुटल्यागत जीव जातो. आणि रोज सकाळी एकच चौकशी: वारा सरला का? आतडी हाताळली की ती रुसून बसतात, ती हलेपर्यंत पाण्याचा घोटही नाही. नर्स विचारायची, डॉक्टर विचारायचे, सून दाराआडून सासूकरवी विचारायची. चौथ्या दिवशी पहाटे सरला. वडगावच्या माणसानं वॉर्डभर जाहीर केलं.

धाकटा सहाव्या दिवशी आला. डॉक्टरांनी ऑपरेशनच्या वेळचा एक फोटो मोबाइलवर दाखवला, मी बघितला नाही. त्यानं चष्मा कपाळावर घेऊन, बोटांनी मोठा करून बराच वेळ बघितला. एका कडेला भिंत इतकी पातळ की खालचं काळं दिसत होतं, असं तो नंतर म्हणाला. "दोरा उघडा पडला हुता रं." एवढंच. चहालाही थांबला नाही.

मार्चमध्ये टाके दाखवायला बेळगावला जायचं होतं तर सकाळी तो स्वतःच गाडी घेऊन दारात. इस्त्रीचा शर्ट, उपाशीपोटी. "तितं किती वेळ लागतोय त्या फोटूला?" मी काही विचारलं नाही.

सोनोग्राफीच्या खोलीत मला त्यांनी शेजारी उभं राहू दिलं. जेल थंड लागला तसा तो शिवी घालता घालता थांबला. प्रोब बेंबीच्या वर आला, पडद्यावर काळा गोल दिसला, उडणारा. दोन बाजूंना दोन खुणा पडल्या, मध्ये तुटक रेघ.

"३.२," डॉक्टर म्हणाले. "लहान आहे. वर्षानं या."

तो पोट पुसत उठला. बाहेर येईपर्यंत काही बोलला नाही. जिन्यात खिसा चाचपला, विडीचं बंडल काढलं, बघितलं, परत ठेवलं.

"तुझा पैला आकडा किती हुता, अण्णा?"

"४.१."

"म्हंजे आजून तुझ्या मागंच हाय की मी."